काळा गरुड ओळखायचा कसा

उंच आभाळात शोधत बसू नका. काळा गरुड बहुतेक वेळा झाडांच्या शेंड्यांना लागून, डोंगरउतार धरून अगदी संथ फिरतो. म्हणून सह्याद्रीत दरीच्या काठावर सुरक्षित जागी उभे राहा आणि नजर खाली जंगलावर ठेवा.

नुसत्या रंगावर जाऊ नका, उन्हाविरुद्ध घारसुद्धा काळी दिसते. पंख बघा: अंगाजवळ निमुळते, पुढे रुंद, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं, आणि तरंगताना किंचित वर उचललेले. घारीची शेपटी दुभंगलेली असते, याची नाही. सर्पगरुडाच्या पंखाखाली ठळक पांढरा पट्टा असतो. जवळून दिसलाच तर पिवळे पाय काळ्या अंगावर उठून दिसतात.

मला सगळ्यात विलक्षण वाटतात त्याचे पंजे. नखं लांब आणि इतर गरुडांपेक्षा कमी वाकडी. तो घरट्यांतली अंडी-पिल्लं उचलतो, कधी अख्खं घरटंच घेऊन जातो! इतकं हळू उडणं त्यासाठीच.

त्याचं स्वतःचं घरटं सापडलं, तर मात्र लांबूनच मागे फिरा आणि जागा कुठेही जाहीर करू नका.