मागून टांगण्याची कीहोल खाच: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सागवानी फळी भिंतीवरच्या स्क्रूवर टांगायला तिच्या मागे राऊटरने (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) कीहोल बिट, म्हणजे त्यासाठीचं पातं, लावून दोन खाचा मारल्या. पहिली बरी झाली. दुसरी संपवून राऊटर वर घेताना खाचेचे ओठ (तोंडाशी दोन्ही बाजूंनी आत आलेलं लाकूड) फुटले आणि बिटची मान मोडली. राऊटर प्लंजचा (बिट सरळ खाली उतरवता येणारा) आहे, बिट नवं होतं.

बिट वर घेतलंत ते खाचेच्या मध्येच. या बिटचा आकार उलट्या टी सारखा असतो, खाली रुंद डोकं, वर बारीक मान. बाजारात सहज मिळणाऱ्या बिटचं डोकं तीन सूत म्हणजे 9.5 मि.मी. आणि मान दीड सूत म्हणजे 4.8 मि.मी. भरते. एकदा बिट पुढे सरकलं की डोकं ओठांखाली अडकलेलं असतं. वर यायला वाट एकच, जिथून ते आत शिरलं ते गोल भोक. म्हणून खालपर्यंत उतरवा, 15 ते 20 मि.मी. वरच्या कडेच्या दिशेने न्या, त्याच रेषेत परत भोकापाशी आणा, स्विच बंद करा, बिट पूर्ण थांबू द्या आणि मगच उचला. थांबण्याआधी उचललं तर भोकाची कड कुरतडली जाते.

परतीच्या वाटेवरही एक घोळ होतो. राऊटर आपल्यापासून दूर ढकलला की तो डावीकडे ओढ घेतो, आपल्याकडे ओढला की उजवीकडे. डाव्या बाजूला एकच पट्टी लावली असेल तर जाताना राऊटर तिला चिकटून जातो, येताना तिच्यापासून सुटतो. मग खाच रुंदावते आणि स्क्रू डुगडुगतो. उपाय म्हणून 6 मि.मी. प्लायचा फर्मा (राऊटरला वाट दाखवणारा साचा) करा. 16 मि.मी. बाहेरव्यासाचा गाइड बुश (राऊटरच्या तळाला बसणारं बिटभोवतीचं कडं) असेल तर फर्म्याची खाच 16 मि.मी. रुंद (बुश हातानं सरकेल इतपत सैल) आणि 36 मि.मी. लांब, म्हणजे बिटची चाल 20 मि.मी. मिळते. बुशची कड 6 मि.मी.पेक्षा जास्त बाहेर आलेली नको, नाहीतर राऊटर फर्म्यावर सपाट बसणारच नाही. खोली लावताना फर्म्याचे 6 मि.मी. त्यात जास्तीचे मिळवा. हे बहुतेक जण विसरतात आणि ओठ पातळ होतात.

खोलीचा हिशेब असा. बिटच्या डोक्याची उंची साधारण 4 ते 5 मि.मी. असते, आपल्या बिटची कॅलिपरने मोजा. ओठ किमान 5 मि.मी. जाड हवेत. म्हणजे एकूण खोली 10 मि.मी. 18 मि.मी.च्या फळीत समोर 8 मि.मी. लाकूड उरतं, ते पुरेसं आहे. 12 मि.मी.च्या फळीत 2 मि.मी. उरेल, तिथे ही खाच मारूच नका.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा. ओठ मानेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम 2.3 मि.मी. आत आलेला असतो. चौकटीच्या आडव्या पट्टीत रेषा आडव्या जातात, खाच उभी, त्यामुळे ओठाचे तंतू मागच्या लाकडाशी सलग राहतात. उभ्या पट्टीत खाच आणि रेषा एकाच दिशेला. ओठ रेषेवरून सुटून येतो. शक्य तिथे वरच्या आडव्या पट्टीतच खाच घ्या. फळीच्या वरच्या कडेपासून खाचेचं टोक किमान 30 मि.मी. खाली ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे फक्त ट्रिमर (एका हातात मावणारा छोटा राऊटर) आहे, प्लंज बेस नाही. तिरपा करून उतरवला तर चालेल का?

नाही. तिरपं बिट भोक लांबट करतं आणि हातातून उसळतं. आधी 12 मि.मी.चं भोक 11 मि.मी. खोल पाडा, सपाट तळ देणारं बिट वापरून. ट्रिमरची खोली 10 मि.मी. लावून घट्ट करा. बंद ट्रिमरचं बिट भोकाच्या मधोमध ठेवा, बेस फळीवर सपाट टेकवा, मगच चालू करा. बिट भोकात मोकळं फिरलं पाहिजे; कडेला टेकलं तर सुरू होतानाच झटका बसतो. फळी शिकंज्यात आवळलेली हवीच. ज्यांच्याकडे प्लंज राऊटर आहे त्यांनीही हे भोक आधी पाडलं तर फायदाच. तळाशी भुसा कोंडून लाकूड जळायचं कमी होतं. तरीही खाच काळी पडत असेल तर तुम्ही फार हळू सरकताय किंवा बिट बोथट झालंय.

बिट घेताना कॉलेट (राऊटरमध्ये बिट धरणारी पकड) बघा. दोन सुती शँक (बिटचा दांडा) 6.35 मि.मी.चा असतो, तो 6 मि.मी. कॉलेटमध्ये जात नाही. उलट प्रकार जास्त वाईट: 6 मि.मी.चा शँक दोन सुती कॉलेटमध्ये जातो आणि चालताना खाली सरकतो.

प्रश्न : फळी टांगल्यावर पुढे झुकते. स्क्रू कोणता आणि भिंतीबाहेर किती ठेवायचा?

आठ नंबरचा चपट्या डोक्याचा स्क्रू, 50 मि.मी. लांब. डोकं साधारण 8 मि.मी., म्हणजे दोन्ही बाजूंना 1.6 मि.मी. पकड. 6 नंबरचा घेतला तर डोकं लहान, पकड कमी होते. डोक्याची खालची बाजू भिंतीपासून ओठाच्या जाडीपेक्षा अर्धा ते एक मि.मी. जास्त बाहेर हवी. तुमची फळी झुकते कारण हे अंतर जास्त आहे. पाव फेरा आवळा, फळी लावून बघा, पुन्हा पाव फेरा. गिट्टी (भिंतीच्या भोकात स्क्रू धरणारा प्लग) 6 मि.मी.ची, आणि ती प्लास्टरमध्ये नाही तर विटेत पोचली पाहिजे.

प्रश्न : दोन खाचांचं अंतर भिंतीवर कधीच जुळत नाही.

भोकांमधलं अंतर मोजत असाल. फळी लोंबते ती खाचेच्या वरच्या टोकावर, मोजायचं तिथून. मोजण्यापेक्षा सोपं म्हणजे फळीच्या मागे मास्किंग टेपची एक लांब पट्टी दोन्ही खाचांवरून चिकटवा, वरच्या टोकांच्या मधोमध खिळ्याने टोचा, फळीची वरची कडही पेन्सिलीने टेपवर आखा. टेप काढून भिंतीवर लावा (तिथे टेपचं डावं-उजवं उलटतं, म्हणून दोन्ही टोकं वरच्या कडेपासून सारखीच खाली हवीत), आखलेली रेषा पाणसळीवर जुळवा आणि टोचलेल्या जागी भोकं पाडा.

प्रश्न : पार्टिकल बोर्डच्या कपाटाला हीच खाच चालेल?

नाही, ओठ कुस्करतात. एमडीएफमध्येही फक्त हलक्या फोटोफ्रेमपुरतीच. तिथे लोखंडी कीहोल प्लेट बसवा, पण प्लेटच्या खाली स्क्रूचं डोकं फिरायला 4 मि.मी. पोकळी कोरायला विसरू नका. भरलेल्या कपाटासाठी एकमेकींत अडकतील अशा 45 अंशांत कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीवर आणि एक कपाटाला.