तुमची क्वार्टर, त्याची पुडी

प्रश्न : ताई, मुलगा २० वर्षांचा आहे, पुण्यात इंजिनिअरिंगला. दिवाळीत घरी आला तेव्हा जीन्स धुवायला टाकताना खिशात कागदाची पुडी सापडली, मला वाटलं ओवा की काय, पण ह्यांनी वास घेतला आणि लगेच म्हणाले गांजा आहे. (कसं ओळखलं ते मी विचारलं नाही.) मग घरात जे झालं ते विचारूच नका, सासूबाई देवासमोर बसून रडायला लागल्या, हे म्हणाले आमच्या घराण्यात असलं व्यसन कुणी केलं नाही. पोरगा शांतपणे म्हणाला, बाबा, तुमच्या हातात आत्ता काय आहे? हे रोज रात्री क्वार्टर घेतात, पंधरा वर्षं झाली, पण कुणाला त्रास नाही, घेतात, जेवतात, झोपतात, कामावर कधी खाडा नाही. हल्ली सकाळी हात जरा थरथरतात पण ते शुगरमुळे. पोरगा म्हणतो गांजा नॅचरल आहे, शंकराचा प्रसाद, दारूपेक्षा बरा. मला उत्तरच सुचलं नाही. त्याला व्यसनमुक्ती केंद्रात टाकू का?
– एक आई, कराड

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या सकाळच्या थरथरणाऱ्या हातांपाशी अडकले. त्यावर येतेच, आधी पोराचं बघू.

पोरगा अर्धा बरोबर आहे, आणि ते अर्धं मान्य केल्याशिवाय तो तुमचं पुढचं ऐकणार नाही. २०१० साली ब्रिटनमध्ये डेव्हिड नट या मेंदू आणि औषधांच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वेगवेगळ्या नशांना मार्क दिले होते, घेणाऱ्याचं किती वाटोळं होतं आणि आजूबाजूच्यांचं किती, दोन्ही धरून १०० पैकी. दारू ७२, हेरॉइन ५५, गांजा २०. आता दारू सगळीकडे मिळते, पिणारे भरमसाट, म्हणूनही तिचा आकडा फुगलाय हे खरं, पण तेच तर म्हणणं आहे ना, ती सगळीकडे आहे म्हणूनच आपल्याला दिसत नाही. आपल्या देशातलं एम्सचं २०१९ चं सर्वेक्षण घ्या, दारू पिणारे १६ कोटी, भांग-गांजा-चरस सगळं मिळून ३ कोटींच्या आसपास. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं ते गर्दमुळे, ब्राउन शुगरने कोवळी पोरं हातची चालली होती म्हणून, आणि आज तिथेही सगळ्यात जास्त पेशंट दारूचेच असतात. तरी गर्दुल्ला म्हटलं की लोक दार लावून घेतात आणि दारू पिऊन तर्राट झालेल्याला मात्र रिक्षात बसवून प्रेमाने घरी पोचवतात, वर बायकोला सांगतात वहिनी आज जरा जास्त झाली, सांभाळून घ्या.

कायद्याचं तर विचारू नका. घटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयं आणि अपायकारक अमली पदार्थ दोन्ही एकाच वाक्यात आहेत, सरकारने दोन्हीच्या बंदीसाठी प्रयत्न करावा म्हणून. प्रत्यक्षात अमली पदार्थांसाठी नार्कोटिक्सचा १९८५ चा कायदा आणि दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क खातं, ज्याच्या महसुलावर बजेट उभं राहतं. महाराष्ट्रातल्या कायद्याचं नाव अजूनही दारूबंदी अधिनियमच आहे, १९४९ चा, आणि त्याच्याच खाली दारू प्यायचा परवाना मिळतो, एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म सुद्धा! आजन्म प्यायचा परवाना देणारी दारूबंदी. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला द्यायचं ठरलं तेव्हा तर वाइन म्हणजे दारू नाही असंही आपण ऐकलं.

पण पोराचं उरलेलं अर्धं साफ चूक आहे. नॅचरल म्हणशील तर धोतराही नॅचरलच, आणि तोही शंकरालाच वाहतात, म्हणून कुणी त्याची भाजी करत नाही. विशीत मेंदूची वाढ चालू असते, त्यात गांजा रोजचा झाला की अभ्यासातलं लक्ष उडतं, काही पोरांना भास होतात, संशय यायला लागतो, घरात कुणाला मानसिक आजार असेल तर धोका आणखी. आणि महाशिवरात्रीची भांग चालते मग हे का नाही, असंही तो विचारेल, तर केंद्राच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात धरलेली नाहीत, त्यामुळे भांगेचा विषय राज्यांकडे गेला, आणि आपल्याकडे भांगेलाही परवाना लागतोच. त्याच्या खिशातल्या पुडीवर मात्र थेट गुन्हा दाखल होऊ शकतो. बापाची क्वार्टर पकडली जात नाही आणि त्याची पुडी पकडली जाते हे अन्यायाचं वाटलं तरी कोर्टात तो मुद्दा चालत नाही, एवढं त्याला समजू दे.

व्यसनमुक्ती केंद्रात लगेच टाकू नका. आधी भांडण न करता विचारा, कितीदा ओढतो, एकट्याने की मित्रांबरोबर, झोपायला लागतोच का, न मिळाल्यावर चिडचिड होते का. महिन्या-दोन महिन्यातून कधीतरी मित्रांच्यात असेल तर समुपदेशकाशी चार-सहा वेळा बोलणं पुष्कळ होतं. रोजचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ. पोलिसांची भीती असेल तर हेही सांगा, थोड्या प्रमाणातल्या केसमध्ये स्वतःहून उपचाराला जाणाऱ्याला खटल्यातून सूट द्यायची सोय त्याच कायद्यात आहे.

आता मिस्टर. क्वार्टर म्हणजे १८० मिली, तीसचे सहा पेग, रोज, पंधरा वर्षं. शुगर तपासाच, ती कमी झाल्यावर पण हात थरथरतात, पण सोबत लिव्हरची टेस्ट करा आणि एक गोष्ट नीट बघा, ती थरथर रात्री ग्लास हातात आल्यावर थांबते का. थांबत असेल तर ती शुगर नाही, शरीर दारू मागतंय. आणि कृपा करून पोराच्या बोलण्याने इरेला पेटून त्यांनी उद्यापासून एकदम बंद करायची शपथ घेऊ नये, बायकासुद्धा देवाची शपथ घालतात आणि तिथेच घात होतो. इतक्या वर्षांची रोजची दारू एका झटक्यात सोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवसुद्धा जातो. गांजा एकदम सोडला तर झोप उडते, चिडचिड होते, पण असा जीव सहसा जात नाही. म्हणजे तुमच्या घरात डॉक्टरची गरज आधी कुणाला आहे बघा. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन तुम्ही करा, त्यांना करायला लावू नका. आणि सासूबाईंना म्हणावं, रडायचंच असेल तर दोघांसाठी रडा.

प्रश्न : मी बँकेत आहे, दारू पीत नाही. गटारीला, प्रमोशनला, कुणाच्या बदलीला सगळे ‘बसतात’ आणि मला माळकरी म्हणून चिडवतात. गांजा ओढत नाही म्हणून आजवर कुणी चिडवलं नाही. असं का?
– वाचक, सोलापूर

उत्तर : कारण दारूला आपण लाडाची नावं ठेवलीत. बसणं, टाकणं, चपटी, खंबा, आणि शेंगदाण्याला सुद्धा चकणा. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त १९१९ साली सुधाकर-सिंधूचा संसार दारूपायी संपला आणि आपण काय घेतलं तर तळीराम, आजही पेपरात ‘तळीरामांची गर्दी’ अशी हेडिंग येतात, हसत हसत. दिव्यांच्या अवसेची गटारी करणारी माणसं आपण. तुम्ही जात जा, लिंबू-सोडा घ्या, चकणा हाणा, आणि येताना गाडीची किल्ली स्वतःकडे ठेवा. घरी सोडणारा शुद्धीतला माणूस सगळ्यांनाच हवा असतो, दोन पार्ट्यांत चिडवणं कमी होईल. नाही झालं तर पेट्रोलचे पैसे मागा.