साक्ष मुलीची, अक्षर वडिलांचं

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. पदवीनंतर ती प्राथमिक शिक्षक-प्रशिक्षणाच्या शेवटच्या सत्रात आहे. तिला पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये रमायला आवडतं. परदेशातल्या ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळांना प्राथमिक शिक्षक हवे असतात, असं कळलं. डॉलरमध्ये पगार आणि राहायला घर मिळतं. पुढे तिच्या धाकट्या भावालाही तिकडे नेता येईल. आमच्या घरात चर्चचं वातावरण नाही. पण ती मिशनच्या शाळेत शिकली आहे, प्रार्थना पाठ आहेत. अर्ज मी भरून घेतला आहे. सोबत जोडलेली तिची साक्ष, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाची हकिगत, तपासून द्यावी. 'स्टेटमेंट ऑफ फेथ'वरची सही ही केवळ औपचारिकता असते ना?
– एक वडील

उत्तर :

तुमच्या पाकिटातून नऊ पानं निघाली. दोन पानांचं पत्र आणि सात पानांचा अर्ज. अर्ज मुलीच्या नावाचा, अक्षर मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तुमचं. 'तुम्ही ख्रिस्तावर विश्वास कधी आणि कसा ठेवलात, ते स्वतःच्या शब्दांत लिहा' या प्रश्नाखाली तुम्ही दीड पान लिहिलं आहे. त्यात एका जागी 'वयाच्या बाराव्या वर्षी' असं लिहून खोडलंय आणि वर 'चौदाव्या वर्षी' केलंय. त्या खोडलेल्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या मुलीच्या अंतःकरणात काय घडलं आणि ते कितव्या वर्षी घडलं, हे तिचे वडील टेबलाशी बसून ठरवत आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

ही पानं मी तपासणार नाही. भाषाही सुधारून देणार नाही. तुम्ही वाईट हेतूनं लिहिलंय असं मला मुळीच वाटत नाही. मुलीचं भलं व्हावं ही कळकळ प्रत्येक ओळीत दिसते. पण या कळकळीच्या भरात तुम्ही तिला कुठे नेऊन उभं करताय, ते एकदा नीट बघा.

ख्रिस्ती माणसं 'साक्ष' म्हणतात, तेव्हा तो निबंधाचा विषय नसतो. आपल्या आयुष्यात देवानं काय केलं, हे चारचौघांत उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. विश्वासांगीकारावरची सही, म्हणजे तुम्ही ज्याला स्टेटमेंट ऑफ फेथ म्हणता ती, त्याच जातीची. तिथे लिहिलेलं मी मानते, त्याप्रमाणे जगते आणि मुलांना तेच शिकवीन, असं ती सही सांगते. या शाळा अर्जाबरोबर पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, शिफारसपत्रही मागतात आणि ते बहुतेक वेळा पाळकांनी परस्पर शाळेकडे पाठवायचं असतं. मग मुलाखत होते. रोज बायबल वाचता का, सध्या काय वाचताय, कोणत्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जाता, असं साधंसाधं विचारतात. साक्षी ऐकण्यातच ज्यांची वर्षं गेली आहेत, त्यांच्यासमोर पाठ केलेली साक्ष फार टिकत नाही.

पण समजा, टिकली. मला खरी भीती त्याचीच आहे.

वर्गात काय होतं ते सांगते. या शाळांमध्ये पहिली ते पाचवीला बहुतेक विषय एकच वर्गशिक्षिका शिकवते. भाषा, गणित, विज्ञान आणि बायबलसुद्धा तीच. दिवस प्रार्थनेनं सुरू होतो. मुलं जमिनीवर गोल करून बसतात आणि कुणासाठी प्रार्थना करायची ते एकेक जण सांगतं. कुणाचं मांजर आजारी असतं, कुणाचे बाबा दौऱ्यावर असतात. अशा गोलात सात वर्षांचं पोर हात वर करतं आणि म्हणतं, "मिस, माझे आजोबा गेले. ते आता येशूजवळ आहेत ना?" वर्ग गप्प होतो. वीस जोडी डोळे तिच्याकडे लागतात. तिथे पाठांतर कामाला येत नाही, वडिलांचं अक्षरही येत नाही. विश्वास असलेली शिक्षिका त्या पोराला जवळ घेऊन काहीतरी बोलेल आणि ते तिच्या आतून आलेलं असेल. तुमची मुलगी काय बोलेल? ती 'हो' म्हणेल आणि ते खोटं असेल, किंवा गप्प राहील आणि ते त्या मुलाला कळेल. ज्या मुलीला लहान मुलांचा लळा आहे, तिच्यासाठी याहून कठीण शिक्षा मला सुचत नाही. आणि ती रोजची.

तुम्ही सहीला औपचारिकता म्हणालात म्हणून एक मुद्दाम सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये ठरवलं, की धार्मिक शाळेत श्रद्धेचं शिक्षण देण्याचं महत्त्वाचं काम करणाऱ्या शिक्षिकेकडे धर्मसेवकासारखं पाहता येतं आणि तिला ठेवायचं की काढायचं यात नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे आड येत नाहीत. ते खटले मुख्याध्यापकांचे किंवा धर्मगुरूंचे नव्हते. २०१२ चा खटला लुथरन शाळेतल्या चौथीच्या शिक्षिकेचा होता; २०२० चे कॅथलिक शाळांमधल्या प्राथमिक वर्गाच्या दोन शिक्षिकांचे. हे निकाल इतर देशांना लागू नाहीत. पण ज्या परंपरेतून यातल्या बऱ्याच शाळा निघाल्या, ती परंपरा प्राथमिकच्या शिक्षिकेकडे कशी बघते, ते यातून कळतं. शाळेच्या लेखी ती श्रद्धेचं काम करणारी व्यक्ती असते. गणित त्या कामाचा एक भाग.

शाळा सुटली की सुटका, असंही नाही. घर बहुधा शाळेच्या आवारात किंवा सहकाऱ्यांच्या शेजारी. रविवारी उपासनेला तीच माणसं. आजारी पडलं तर पेज आणून देणारी आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारीही तीच. श्रद्धा असेल त्याला हे घरासारखं वाटतं. नसेल त्याला दोन वर्षांचा करार फार लांब वाटतो.

आता डॉलरच्या पगाराबद्दल. हा गैरसमज इतक्या पत्रांतून येतो, की जरा सविस्तर लिहिते. 'ख्रिश्चन इंटरनॅशनल शाळा' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या शाळा येतात. केनियात किजाबेला रिफ्ट व्हॅली अॅकॅडमी १९०६ पासून आहे. तैवानची मॉरिसन अॅकॅडमी १९५२ ची, जर्मनीत कांडर्नची ब्लॅक फॉरेस्ट अॅकॅडमी १९५६ ची. अशा शाळा मुळात मिशनऱ्यांच्या मुलांसाठी निघाल्या. दूरच्या गावी काम करणाऱ्या आईबापांच्या मुलांनी शिकायचं कुठे, या अडचणीतून. यातल्या बऱ्याच शाळांमध्ये शिक्षक स्वतःही मिशनरी म्हणूनच जातात, आणि त्यांना पगार शाळा देत नाही. ते मिशन संस्थेमार्फत जातात. जाण्याआधी मंडळ्यांमधून, मित्रपरिवारातून, नातेवाइकांतून दरमहा मदतीची वचनं गोळा करतात. ठरलेली रक्कम जमेपर्यंत निघताच येत नाही. तिकडे गेल्यावरही मदत करणाऱ्यांना नियमित पत्रं लिहायची असतात. याला ते 'सपोर्ट रेझिंग' म्हणतात. यात कमीपणा काहीच नाही, त्यांच्या दृष्टीनं ती सेवा आहे. दुसऱ्या प्रकारच्या शाळा मोठ्या शहरांतल्या, भरपूर फी घेणाऱ्या. तिथे पगार, घर, विमा, विमानाचं तिकीट मिळू शकतं. पण तिथे अर्जही ढीगभर येतात, त्यामुळे अनुभव नसलेल्या उमेदवाराचा नंबर क्वचितच लागतो. तुम्ही पाठवलेला अर्ज कोणत्या शाळेचा आहे ते इथे लिहीत नाही. तो पहिल्या प्रकारचा आहे. पान पाचवर 'तुमच्या आर्थिक पाठबळाची सद्यःस्थिती' असा रकाना आहे. तो तुम्ही कोरा सोडलाय. मला वाटतं, तो काय विचारतोय हे तुमच्या लक्षात आलं नसावं. दर महिन्याला तिच्यासाठी पैसे कोण देणार, हे तो विचारतोय.

धाकट्या भावाचं थोडक्यात सांगते. शिक्षकाच्या कामाच्या परवान्यावर सोबत न्यायचं म्हटलं, तर सर्वसाधारणपणे जोडीदार आणि मुलं. भाऊ त्यात बसत नाही. आणि बसत असता तरी २३ वर्षांच्या मुलीच्या पहिल्या नोकरीवर भावाचं भवितव्य टाकू नका. तिच्या खांद्यावर आधीच पुष्कळ आहे.

तुमच्या दोन पानांच्या पत्रात मुलीच्या आवडीची एकच ओळ आहे: 'तिला पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये रमायला आवडतं.' बाकी सगळं तुमचं. माझ्या दृष्टीनं संपूर्ण पत्रातली सर्वांत मोलाची ओळ तीच, आणि तुम्ही ती ओझरती लिहून पुढे गेलात.

कारण इंटरनॅशनल शाळेतल्या लहान वर्गाला अशी रमणारी माणसंच लागतात. रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात पतीबरोबर भारतातल्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. त्या अभ्यासातून 'थर्ड कल्चर किड्स' ही संज्ञा आली. आईबापांची एक संस्कृती, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत वाढणारी मुलं. 'तू कुठला?' हा त्यांना सगळ्यांत अवघड प्रश्न. वर्गात दर वर्षी काही मुलं नवी येतात, काही निघून जातात. सकाळी खुंटीवर दप्तर अडकवताना शेजारची नावाची पट्टी काढलेली दिसते आणि सात वर्षांच्या मुलाला समजतं, की मित्र खरंच गेला. त्या दिवशी त्याला वाचन-लेखन सुचत नाही. तेव्हा बेरीज बाजूला ठेवून त्याच्याकडून मित्राला चिठ्ठी लिहून घेणारी शिक्षिका लागते. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या डेव्हिड पोलॉक यांनी तर निघणाऱ्या कुटुंबांसाठी चार पायऱ्या सांगून ठेवल्या आहेत: भांडणं मिटवा, ज्यांनी जीव लावला त्यांना तसं सांगा, माणसांचाच नव्हे तर जागांचाही निरोप घ्या, आणि मग पुढच्या ठिकाणाचा विचार करा. चांगल्या शिक्षिका हे पहिलीच्या मुलांकडूनही करून घेतात. मुलं बागेतल्या झोपाळ्याला 'बाय' म्हणून येतात.

हे काम धार्मिक नसलेल्या इंटरनॅशनल शाळांतही तेवढंच आहे आणि तिथे विश्वासांगीकारावर सही लागत नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेचा ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीचा अभ्यासक्रम १९९७ पासून चालू आहे. केंब्रिजचा प्राथमिक अभ्यासक्रमही अनेक देशांत आहे. माझा सल्ला सरळ आहे: हा अर्ज बाजूला ठेवा आणि तिला प्रशिक्षण पूर्ण करू द्या. त्यानंतर निदान दोन वर्षं तिनं एका वर्गाची पूर्ण जबाबदारी घ्यावी. सहायक म्हणून नको. स्वतःचा वर्ग, स्वतःचे पालक, स्वतःचे निकाल. काही देशांचे परवाने पदवीनंतरचा दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि चांगल्या शाळाही तेच बघतात. पात्रता परीक्षा, शिक्षकाचा परवाना, पोलीस पडताळणी, कागदपत्रांवर अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरले जावेत यासाठीचा सरकारी शिक्का), हे सगळं ज्या देशात जायचं ठरेल त्याप्रमाणे करता येतं, त्यासाठी आज धावपळ नको. ऑगस्टमध्ये वर्ष सुरू होणाऱ्या शाळांची भरती आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच सुरू होते, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

एक शक्यता उरते. मिशनच्या शाळेत पाठ केलेल्या प्रार्थना तिच्यासाठी नुसत्या पाठ नसतील. त्यांचा अर्थ तिला लागला असेल, आणि घरात बोलायची सोय नाही म्हणून ती गप्प असेल. तसं असेल तर हा रस्ता तिचा आहे, आणि उत्तमही आहे. पण तो ती स्वतः चालेल. साक्ष ती लिहील, पाळकांशी ती बोलेल, शाळेला प्रश्न ती विचारेल: खर्च कुणाचा, विमा कसला, मुलांच्या सुरक्षेचे तुमचे नियम काय, करार मधेच सोडावा लागला तर काय. आणि मग ती मोठ्या शहरातली पगाराची शाळा सोडून किजाबेसारख्या गावातली बिनपगाराची शाळा निवडू शकते, हे आजच मनाशी धरा. श्रद्धा खरी असेल तर माणसं असे निर्णय घेतात. तेव्हा तिला अडवू नका.

या दोन्हींपैकी खरं काय, ते मला तुमच्या पत्रावरून सांगता येत नाही. ते फक्त तिला माहीत आहे. तिला आज संध्याकाळी विचारा आणि ती बोलत असताना मधे बोलू नका.

अर्जाची सातही पानं परत पाठवते आहे. त्यावर मी पेन्सिलनंही काही लिहिलेलं नाही. मुलीला सांगा, मला एक पान लिहून पाठव. साक्ष नको, अर्ज नको. सराव-पाठाच्या वेळी तिच्या वर्गात घडलेला एखादा दिवस लिहावा: कुठलं मूल रडलं, कुणाला वाचता आलं, कुठे तिची पंचाईत झाली. तिच्या अक्षरात. त्या पानाला मी तिच्या नावानं उत्तर देईन.