सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर

प्रश्न : माझे वय ५४ आहे. एकाच कारखान्याच्या देखभाल विभागात मी २६ वर्षे काढली. मदतनीस म्हणून लागलो आणि विभागाचा पर्यवेक्षक झालो. एका दुपारी मनुष्यबळ विभागात बोलावून मला सांगण्यात आले, की खर्चकपातीसाठी आमच्या विभागातील निम्मी पदे रद्द होत आहेत आणि त्यांत माझेही पद आहे. समोर आधीच टंकलेला राजीनामा ठेवला होता. त्यावर सही केली तर ‘रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असे ते म्हणाले. मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. सही करावी का? दुसरे म्हणजे, माझे काय चुकले या विचाराने रात्री झोप लागत नाही. नवीन अर्ज लिहायला बसलो, तर ‘२६ वर्षे देखभाल’ यापुढे एक ओळही सुचत नाही.

उत्तर : आपली मुदत लक्षात घेऊन हे उत्तर आपल्याला आधीच टपालाने पाठवले आहे. अशाच प्रसंगात सापडलेल्या इतर वाचकांसाठी ते येथे देत आहोत.

राजीनाम्यावर लगेच सही करू नका. पद रद्द करून कमी करणे आणि कर्मचाऱ्याने स्वतःहून नोकरी सोडणे या कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक देशांत नुकसानभरपाई, सूचनेच्या काळाचे वेतन आणि बेकारी भत्ता असेल तर तोही, पहिल्या प्रकारात मिळतो आणि दुसऱ्या प्रकारात त्यातले बरेच काही हातचे जाते. तेव्हा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा संघटनेच्या माणसाला तो टंकलेला राजीनामा दाखवा, देय रकमेचा तपशीलवार हिशोब लेखी मागा आणि पद रद्द झाल्यामुळे सेवा संपत आहे, असे स्पष्ट लिहिलेले पत्र मागा. त्या पत्राने आपले रेकॉर्ड मुळीच डागाळत नाही.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा धागाही त्या पत्रातच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८२ मध्ये सेवासमाप्तीविषयी जो करार संमत केला, त्यात नोकरीवरून काढण्याची रास्त कारणे सांगताना कर्मचाऱ्याची क्षमता, त्याचे वर्तन आणि आस्थापनेच्या कामकाजाची गरज अशी वेगवेगळी नावे घेतली आहेत. सर्व देशांनी तो करार स्वीकारलेला नसला, तरी त्यातला फरक कोठेही खरा आहे. आपल्याला दिलेले कारण तिसरे आहे, आणि आपण चूक शोधत आहात ती पहिल्या दोहोंत. ती तेथे नाही, म्हणूनच रात्ररात्र शोधूनही सापडत नाही.

आता अर्जाविषयी, कारण माझ्या मते खरी अडचण तेथेच आहे. दीर्घ सेवेत माणसाचे ज्ञान हळूहळू त्या एका कारखान्याच्या बोलीत मुरते. कोणत्या लाइनवर काय बिघडते, कोणत्या यंत्राचा आवाज बदलला की काय समजायचे, कोणाला फोन केला की सुटा भाग वेळेवर मिळतो, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. पण ते बाहेरच्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगण्याची वेळ २६ वर्षांत कधी आलीच नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात मोठ्या कपातीत नोकऱ्या गेलेल्या जुन्या कामगारांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कित्येक वर्षांनंतरही त्यांची कमाई सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी कमी राहिल्याचे दिसले. एका ठिकाणी कमावलेले कसब दुसरीकडे पूर्ण मोलाने खपत नाही, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ही संख्या आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही. पहिल्याच ठिकाणी जुने वेतन मिळाले नाही, तर तो आपला अपमान समजू नका, एवढ्याचसाठी ती सांगितली.

म्हणून पद आणि वर्षे बाजूला ठेवून कामे लिहा. यंत्र बंद पडण्याचे प्रमाण कोणत्या वर्षी, कशामुळे कमी झाले. किती जणांना आपण हाताखाली शिकवले. वार्षिक देखभालीसाठी यंत्रे बंद ठेवण्याचा काळ कसा आखत होता. मोठा अपघात टळला तो कोणत्या निर्णयामुळे. कारखान्याची कागदपत्रे घरी आणू नका, आठवणीवर भरवसा ठेवा. या यादीत पंधरा-वीस नोंदी झाल्या, की अर्ज आपोआप उभा राहील.

त्याआधी पाच दिवस, रोज वीस मिनिटे, मनात जे साचले आहे तेही लिहून काढा; ते कोणाला दाखवायचे नाही. नोकरी गेलेल्या ६३ अभियंत्यांवरील १९९४ च्या एका प्रयोगात असे लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले, आणि तेही जास्त खटपट न करता. मुलाखतीत जुन्या मालकाविषयीची कडवट भावना बाहेर पडली नाही, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते.

आणि ओळखी वापरायला संकोचू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७० च्या दशकात असे आढळले, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती वार्ता जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून भेटणाऱ्या परिचिताकडून मिळाली होती. आपल्या बाबतीत ते लोक म्हणजे सुटे भाग पुरवणारे, यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ आणि पूर्वी आपला विभाग सोडून गेलेले सहकारी. आपले काम त्यांनी पाहिलेले आहे, त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांचीही अशीच नोकरी गेली. ते दिवसभर खोलीत बसून असतात. त्यांना एकटे राहू द्यावे का?

उत्तर : काही दिवस राहू द्यावे; महिनोन्‌महिने नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातील कापड कारखाना बंद पडल्यावर मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बेकार कुटुंबांचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताशी वेळच वेळ असूनही गावाच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती, आणि रस्त्याने जाणारे पुरुष सावकाश, थांबत थांबत चालत होते. घरकाम न सुटलेल्या स्त्रियांची चाल मात्र तशी मंदावली नव्हती. नोकरीबरोबर पगार जातो, तसा दिवसाचा आकारही जातो. वडिलांना ठरल्या वेळेचे, दुसऱ्या कोणाला खरोखर लागणारे एखादे काम सोपवा. केवळ वेळ घालवण्यापुरते दिलेले काम त्यांना लगेच ओळखू येईल. रोज संध्याकाळी ‘काही जमले का?’ असे मात्र विचारू नका. झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ उडालेली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द त्यांच्या तोंडून आले, तर त्यांची समजूत घालत बसू नका. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.