मेलेली कनेक्शनं जागा अडवतात तेव्हा

प्रश्न : आमच्या वसतिगृहात १८० मुली राहतात. सगळ्यांचं इंटरनेट एका लिनक्स मशीनमधून जातं, तेच फायरवॉल. अधूनमधून रात्री नवीन साइट उघडेनाशी होते, पण आधीपासून सुरू असलेला व्हिडिओ कॉल नीट चालतो. लॉगमध्ये ‘एनएफ_कॉनट्रॅक : टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ दिसतं. रीस्टार्ट केलं की तीन-चार दिवस बरे जातात. रॅम वाढवू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : रॅमवर पैसे घालू नका. फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची एक नोंद ‘कॉनट्रॅक’ नावाच्या टेबलात ठेवतं. अशा एका नोंदीला काहीशे बाइट लागतात. टेबलाची मर्यादा ६५,५३६ नोंदींची धरली तरी त्यांचे तीसेक एमबीसुद्धा होत नाहीत. खरं दुखणं त्या ‘तीन-चार दिवसां’त आहे.

लिनक्स टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा पाठवण्याची एक पद्धत) जुळलेलं कनेक्शन शांत पडलं तरी ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस, जपून ठेवतं. मुलीनं वायफाय बंद केलं किंवा ती गावी गेली, तर कनेक्शन संपल्याचं फायरवॉलला कळतच नाही. टेबल भरलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) अर्धवट नोंदी काढून जागा करू पाहतो, पण ‘अ‍ॅश्युअर्ड’ (म्हणजे कनेक्शन पक्कं जुळलेलं) खूण असलेल्या नोंदींना तेव्हा हात लावत नाही. या मेलेल्या नोंदींवर नेमकी तीच खूण असते. मग नव्या कनेक्शनचं पॅकेट टाकून दिलं जातं.

एका ऑफिसात मी नुसती मर्यादा चौपट केली होती. काही दिवसांत टेबल पुन्हा भरलं. तेव्हा कुठे मी यादी उघडून पाहिली. एकाच पत्त्याच्या ओळीमागून ओळी, उरलेले सेकंद २ लाख ५९ हजारांच्या आसपास. तो फोन दोन दिवसांपासून सुट्टीवर होता!

तुम्ही ‘टीसीपी टाइमआउट एस्टॅब्लिश्ड’ ही पाच दिवसांची मुदत ७,४४० सेकंदांवर आणा. त्याखाली जाऊ नका : आरएफसी ५३८२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) किमान २ तास ४ मिनिटं सांगतो, कारण टीसीपीचा कीपअलाइव्ह (‘कनेक्शन जिवंत आहे ना’ असं विचारणारा संदेश) सहसा दोन तासांनी जातो. नवा आकडा जुन्या निपचित नोंदींना लागू होत नाही, म्हणून पहाटे, कुणी ऑनलाइन नसताना, टेबल एकदा रिकामं करा. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) त्याच मशीनवर असेल तर त्याच्या प्रश्नोत्तरांना, जाताना आणि येताना दोन्हीकडे, ‘नोट्रॅक’ लावा, म्हणजे त्यांच्या नोंदी टेबलात होणारच नाहीत. मर्यादा वाढवलीत तर बकेटही (नोंदी शोधण्यासाठीचे कप्पे) वाढवा.

मग आठवडाभर रात्री नऊला ‘एनएफ_कॉनट्रॅक_काउंट’ (टेबलातल्या नोंदींची संख्या) वहीत लिहून ठेवा. तरीही आकडा चढत राहिला तर यादीत कोणत्या पत्त्याच्या नोंदी हजारोंनी आहेत ते शोधा आणि तेवढ्यापुरती प्रतिपत्ता मर्यादा घाला.