भेंडीची पानं पिवळी: खत थांबवा, पान उजेडात धरा

गच्चीतल्या भेंडीची पानं पिवळी पडताहेत, शेंगा बोटभर व्हायच्या आतच जून होताहेत, आणि लोह घालू की एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं खत), असं तुम्ही विचारलंय. तूर्तास काहीच घालू नका. शेंड्याजवळचं एक पान तोडून उजेडासमोर धरा. शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवं, म्हणजे पिवळ्या जाळीत हिरवे तुकडे असं दिसलं, तर तो केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या करणारा विषाणूचा रोग. लोह कमी पडलं की बरोबर उलटं होतं: शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी सरसकट पिवळी होतात. तुम्ही टाकलेल्या फोटोत वरच्या पानांच्या शिराच पिवळ्या आहेत, त्यामुळे मी केवडाच म्हणेन.

हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. दुकानदार काहीतरी बाटली देईलच, ती मुकाट्याने परत करा. रोगट झाडं उपटायची. जीव तुटतो, पण एक झाड ठेवलंत की बाकीच्यांचा नंबर लागतो. सकाळी गारव्यात, माशा सुस्त असताना, झाडावर पिशवी चढवा आणि मग उपटा. नाहीतर हात लागताच त्या उडून शेजारच्या कुंडीवर बसतात. माती फेकू नका, हा रोग मातीतून येत नाही. उरलेल्या झाडांवर संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी तेल फवारा (लिटरभर पाण्यात 5 मिली, थोडं साबणाचं पाणी घालून), आणि पिवळे चिकट सापळे लावा. कुंड्यांतलं तणही काढा, माशी तिथेही दडते.

पुढच्या वेळी बियाणं बघून घ्या. एके काळी 'पुसा सावनी' ही जात केवड्याला दाद देत नसे, पुढे तिचाही टिकाव लागेना. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी भावकीशी संकर करून 'परभणी क्रांती' काढली, बंगळुरूची 'अर्का अनामिका'ही तशीच. यांनाही हल्ली कुठे कुठे केवडा दिसतो, तरी साध्या बियाण्यापेक्षा बऱ्या. बी रात्रभर भिजवून थेट कुंडीतच टोका. भेंडीचं सोटमूळ हलवलेलं तिला मानवत नाही.

शेंगांचं म्हणाल तर केवड्याच्या झाडाच्या शेंगा फिकट, आखूड आणि राठ निघतातच. पण निरोगी झाडावरही फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग काढली नाही तर ती दोऱ्या धरते, आणि जून शेंग झाडावर राहिली की पुढची फुलं कमी येतात. दिवसाआड तोडा. टोक मोडून पाहा, कट्कन तुटलं तर कोवळी (भाजीवाल्यासमोर हे केलं की तो डोळे वटारतो, गच्चीवर तेवढी मोकळीक आहे). हातमोजे घाला, लव खाजते. उपटलेल्या झाडांवरच्या कोवळ्या शेंगा खुशाल परतून खा, हा विषाणू माणसाला काही करत नाही.