पृथ्वीची कक्षा सोडून गेलेल्या यानांचा उपग्रहांच्या सूचीत माग कसा ठेवतात?

सूचीत माग ठेवतच नाहीत. या एका मुद्द्यावरून मी भर कार्यक्रमात भांडले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१३ च्या नोव्हेंबरात आमच्या हौशी खगोल गटासाठी मी एक प्रोग्राम लिहिला. अमेरिकी लष्कराच्या सूचीतून टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी) रोज उतरवून घ्यायची आणि पडद्यावर उपग्रहाचा ठिपका दाखवायचा. मंगळयान (क्रमांक ३९३७०) तेव्हा पृथ्वीभोवतीच होतं. कक्षा वाढवत वाढवत ते जवळपास १ लाख ९३ हजार किमीपर्यंत जाऊन परत येत होतं. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर इंजिन पेटलं आणि ते मंगळाकडे निघालं. नवी टीएलई येईना. माझा प्रोग्राम जुन्याच आकड्यांवर ठिपका फिरवत राहिला. दोन आठवड्यांनी गटाचे प्रमुख त्या ठिपक्यावर बोट ठेवून पाहुण्यांना म्हणाले, "हे बघा आपलं यान." मी तिथेच म्हटलं, "सर, ते तिथे नाहीये." "अमेरिकेच्या यादीपेक्षा तुला जास्त कळतं?"

दुसऱ्या दिवशी टीएलईची दुसरी ओळ छापून त्यांच्यापुढे ठेवली. उत्केंद्रतेसाठी (कक्षा किती लांबट आहे त्याचा आकडा) सात अंकांची जागा, दशांशचिन्ह त्यांच्या आधी गृहीत धरलेलं. म्हणजे आकडा कायम एकाच्या आत. पृथ्वी कायमची सोडणाऱ्या यानाची उत्केंद्रता एकाच्या वर जाते, ती तिथे लिहिताच येत नाही! त्यांनी कागद न वाचता परत केला.

सूचीत क्रमांक तेवढा राहतो. नासाच्या व्हॉयेजर १ यानाचा १०३२१ आजही आहे, पण कक्षेचे आकडे नाहीत. खरा माग यान चालवणाऱ्यांकडे असतो: सिग्नल जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर, डॉप्लरवरून (सिग्नलच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून) वेग. तुम्हाला स्थान हवं असेल तर नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेत बघा. आणि कोणतीही टीएलई वापरताना आधी तिची तारीख वाचा, समोर कितीही ज्येष्ठ माणूस उभा असला तरी.

अर्थात हे सगळं बोलत्या यानांचं. मुक्या वस्तूंना सिग्नल कुठला? चांद्रयान-१ चा संपर्क २००९ मध्ये तुटला, ते चंद्राभोवती फिरताना रडारने सापडल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. आणि २ जानेवारी २०२५ ला लघुग्रहांची यादी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरने नवा लघुग्रह म्हणून नोंदवलेला २०१८ सीएन४१ दुसऱ्याच दिवशी यादीतून काढावा लागला. ती २०१८ मध्ये अवकाशात सोडलेली टेस्ला गाडी होती.